बंद पेटीचा श्वास

मोटारीच्या स्टीअरिंगचा दांडा चालकाच्या पायांजवळून खाली उतरतो आणि एका ओतीव धातूच्या पेटीत शिरतो. जुन्या गाड्यांत ही पेटी आटोपशीर आणि जड असे. तिला गॅरेजात स्टीअरिंग बॉक्स म्हणतात. नव्या मोटारींत तिची लांबट नळी झाली आहे आणि तिला सरसकट ‘रॅक’ म्हटले जाते. रूप कोणतेही असो, तिच्यावर दोन जबाबदाऱ्या आहेत. आतले वंगण बाहेर आणि बाहेरचे पाणी-धूळ आत जाऊ द्यायची नाही, ही पहिली. आतल्या हवेला मात्र वाट मोकळी ठेवायची, ही दुसरी, आणि ती चटकन ध्यानात येत नाही. पूर्ण बंद पेटीतली हवा २० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो आणि वंगणाला कुठून ना कुठून बाहेर रेटू लागतो. हीच तापलेली पेटी पाण्यातून जाताना अचानक निवली, की आत पोकळी निर्माण होते. गरम भाजी भरून लगेच झाकण लावलेला डबा निवल्यावर उघडता उघडत नाही, तो याच कारणाने. फरक इतकाच, की डब्याचे झाकण तग धरते. पेटीचे सील हार मानते आणि आत पाणी ओढून घेते. बंदही राहायचे आणि श्वासही घ्यायचा, हे माणसाला कसे साधत गेले, त्याचा मागोवा आपण घेऊ.

हलणारा दांडा भांड्याच्या भिंतीतून बाहेर काढायचा, पण भांडे गळू द्यायचे नाही, हा प्रश्न मोटारीहून कितीतरी जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या सॅम्युअल मोरलँडने पाण्याच्या पंपाच्या दट्ट्याभोवती पॅकिंग ठासून तो सोडवला. जेम्स वॉटने १७६९ मध्ये वाफेच्या इंजिनाचे पेटंट घेतले, तेव्हा त्याचे सिलिंडर वरूनही बंद होते. दट्ट्याचा दांडा त्या झाकणातून आरपार जायचा असल्यामुळे त्याच्याभोवती चरबीत भिजवलेला ताग-अंबाडीचा धागा कोंबावा लागे. हे पॅकिंग झिजले की नट आवळायचा, पुन्हा झिजले की नवे भरायचे. त्या काळच्या कारागिराने थोडी गळती गृहीतच धरली होती. आज आपल्याला गळणारे सील म्हणजे बिघाड वाटतो. पण पुढची जवळजवळ दीडशे वर्षे यंत्रे थोडी गळतच चालली.

पहिल्या मोटारींना तर झाकण्यासारखी पेटीच नव्हती. पुढची दोन चाके वेगवेगळ्या कोनांत वळवण्याची रचना म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गरने घोडागाडीसाठी शोधली आणि तिचे इंग्लंडमधले पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमनच्या नावावर झाले. पुढे कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पुढचे एकुलते चाक दात्यांच्या पट्टीने वळे, आणि त्या पट्टीवर धुळीला मज्जाव नव्हता. १८९४ च्या पॅरिस-रुआं स्पर्धेत आल्फ्रेड वाशेरॉनने आपल्या पानार गाडीला हातदांड्याऐवजी गोल चक्र बसवले. गोल चक्र आले की ते अनेक फेरे फिरवता येते, म्हणून ताकद वाढवणारे दाते आले. दाते आले की वंगण आले. आणि रस्ता डांबरी नसल्यामुळे त्या वंगणाला चिखल चिकटू लागला. उपाय मोचीकामातून आला. सांध्यांवर कातड्याच्या पिशव्या शिवून, त्यांत ग्रीस भरून तोंडे पट्ट्यांनी आवळली जात. शिवणीतून थोडे ग्रीस पाझरे आणि पाझरता पाझरता धूळ बाहेर लोटे. म्हणजे तेव्हा गळतीच राखणदारी करत होती. १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. तिचे दाते दांड्याच्या वरच्या टोकाला, थेट चक्राखाली होते. रस्त्याचे पाणी तिथवर पोहोचण्याचा प्रश्न नव्हता. ही मांडणी पुढच्या मोटारींनी का सोडली, याचे कारण बहुधा असे: गाड्या जड आणि वेगवान होत गेल्या, हातात आणखी ताकद हवी झाली आणि दात्यांची पेटी पुन्हा खाली, चिखलाच्या पल्ल्यात, सांगाड्याला घट्ट बसवावी लागली.

१९२० चे दशक हे या पेटीचे खरे बालपण. अमेरिकेत रॉस आणि जेमर या कंपन्यांच्या, ब्रिटनमध्ये हेन्री मार्ल्सच्या पेट्या अनेक गाड्यांत बसू लागल्या. आत मळसूत्रासारखा वर्म, त्याला भिडलेला दात्यांचा तुकडा किंवा रोलर, आणि भोवती दाट तेल. त्या पेट्यांना वेगळा श्वासमार्ग क्वचितच दिसतो, पण म्हणून त्या कोंडलेल्या नव्हत्या. स्टीअरिंगचा दांडा ज्या लांब नळीतून वर जाई, ती नळी अनेक गाड्यांत थेट पेटीवरच बोल्टने जखडलेली असे आणि वरच्या टोकाला फक्त नमद्याचे बुश असे. तापलेली हवा त्या नळीतून सहज वर जाई. पेटीचे धुरांडे चालकाच्या हातापर्यंत आले होते, आणि कोणी ते मुद्दाम योजले असेल वा नसेल, काम चोख होत होते. दुखणे होते ते खालच्या टोकाला. हॉर्नची तार दांड्याच्या पोटातून बारीक नळीने खाली येई आणि पेटीच्या तळातून बाहेर पडे. त्या जागी एक नट आणि एक मऊ धातूची कडी एवढेच राखणीला. जुन्या ब्रिटिश गाड्यांची हौस असलेल्यांना विचारा. तेलाचा थेंब नेमका तिथेच लोंबत असतो.

तेलाला खरा अडसर घातला तो एका चामड्याच्या कारखान्याने. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी १८४९ पासून फ्रॉइडेनबर्ग कुटुंबाचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. १९२९ च्या मंदीत कातड्याची मागणी कोसळली, तेव्हा हाती असलेल्या मालाला नवे गिऱ्हाईक शोधणे भाग पडले आणि मोटारउद्योगासाठी चामड्याची सीले कापली जाऊ लागली. तिथल्या वाल्टर झिमर या अभियंत्याने पत्र्याच्या कड्यात चामड्याचे कडे बसवले आणि ते दांड्यावर टेकते राहावे म्हणून भोवती बारीक स्प्रिंग घातली. १९३२ मध्ये हे सील बाजारात आले. १९३६ मध्ये चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. नैसर्गिक रबर तेलात फुगते आणि सडते, म्हणून तोवर त्याचा इथे उपयोग नव्हता. खनिज तेलाला दाद न देणारे रबर त्याच दशकात रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आले होते. त्याच सुमारास अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश वृद्धाने खाचेत बसणाऱ्या साध्या रबरी कडीचे, म्हणजे आजच्या ओ-रिंगचे, पेटंट मागितले. १९३९ मध्ये ते मंजूर झाले, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. झाकणाच्या सांध्यात कागदी गॅस्केटऐवजी ओ-रिंग आणि फिरत्या दांड्याभोवती रबरी ऑइल सील, ही जोडी आजही मोडलेली नाही.

पण याच जोडीने जुना प्रश्न नव्याने उभा केला. ऑइल सीलची पातळ कड आतल्या तेलाकडे तोंड करून असते. आतला दाब वाढला, की ती दांड्यावर अधिक आवळते आणि झिजते. बाहेरचा दाब जास्त झाला, की ती उचलली जाते आणि पाण्याला वाट देते. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये ई. टी. जॅगर यांनी अशा सीलच्या कार्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो दोन्ही बाजूंना वातावरणाचाच दाब असताना फिरणाऱ्या दांड्यांविषयीचा होता. माझ्या मते या इतिहासातली कळ इथेच आहे. साधे ऑइल सील हा दाब अडवणारा बांध नव्हेच. साधारण ०.३ ते ०.५ बारच्या पुढे त्याची मर्यादा संपते, आणि मघाचा २७ टक्क्यांचा दाब म्हणजे जवळपास तीच मर्यादा. सील जितके चांगले होत गेले, तितकी श्वासाची गरज वाढत गेली. तागाच्या पॅकिंगमधून हवा आपोआप जात होती. रबराने ती वाट बुजवली.

दुसऱ्या महायुद्धाने हा धडा त्याआधीच घाईघाईत दिला होता. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरायच्या वाहनांना खोल पाण्यातून जायचे होते. त्यांची छिद्रे आणि सांधे लेप लावून बुजवले गेले, आणि किनारा गाठल्यावर ते लेप शक्य तितक्या लवकर काढण्याच्या सूचना होत्या, कारण तोंडे बुजवलेले यंत्र फार वेळ चालवता येत नाही. युद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या १९५० च्या एम-३८ जीपमध्ये तात्पुरत्या लेपांऐवजी श्वासनळ्याच पाण्याच्या वर नेण्याची पद्धत आली. त्याच कुळातली विलीज जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्राकडे जुळवली जाऊ लागली आणि आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या एका पिढीने तिच्यातल्या रॉसच्या पेटीवर हात बसवला.

दरम्यान, बेंझने उघडी ठेवलेली दात्यांची पट्टी परत आली, पण आता नळीत बसून. सित्रोएनने आपल्या पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत १९३६ मध्ये रॅक-पिनियन आणले. ब्रिटनमध्ये ॲलेक इसिगोनिसच्या १९४८ च्या मॉरिस मायनरने आणि १९५९ च्या मिनीने ते घराघरात पोहोचवले; मॉरिसच्याच वंशातल्या आपल्या अँबेसेडरमध्येही रॅकच होते, आणि पुढे १९८३ मध्ये मारुती ८०० तेच घेऊन आली. या रचनेत पेटीला दोन तोंडे असतात. रॅक एका टोकाने बाहेर येतो, तेव्हा दुसऱ्या टोकाने आत जातो. दोन्ही टोकांवर चुण्याचुण्यांचे रबरी बूट असतात. म्हणजे चालकाने चक्र फिरवले, की एक बूट दाबला जातो आणि दुसरा ताणला जातो. एकातली हवा दुसऱ्यात गेली नाही, तर एक फुगेल आणि दुसरा आत ओढला जाऊन चिमटेल. हाताने वळणाऱ्या रॅकमध्ये हवा नळीच्या पोटातूनच इकडून तिकडे जाई. पेटी बाहेरच्या जगाशी नव्हे, स्वतःशीच श्वास घेत होती. ही युक्ती मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत देखणी वाटते, कारण बाहेर उघडणारे छिद्रच उरले नाही. मिनीच्या रॅकमध्ये सुरुवातीला तेल भरलेले असे, जेमतेम पाव लिटर. बूट फाटला की ते निघून जाई आणि चालकाला स्टीअरिंग जड होईपर्यंत पत्ता लागत नसे. पुढे तेलाची जागा ग्रीसने घेतली, त्याला हेही एक कारण होते.

पॉवर स्टीअरिंगने ही देखणी वाट बंद केली. फ्रान्सिस डेव्हिसने १९२६ मध्ये आपल्या पिअर्स-ॲरो गाडीवर तेलाच्या दाबाने वळणारे स्टीअरिंग दाखवले. बाजारात ते १९५१ च्या क्रायस्लर इंपीरियलमधून आले. आता पेटीच्या आतच दाबाचे तेल खेळू लागले आणि श्वास पंपावरच्या तेलाच्या टाकीकडे गेला. टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून हवा जाऊ-येऊ लागली. हे तंत्र रॅकमध्ये उतरले, तेव्हा नळीचा मधला भाग तेलाने भरलेला सिलिंडर झाला. दोन बुटांमधला हवेचा रस्ता तुटला. म्हणून नळीच्या बाहेरून एक बारीक श्वासनळी एका बुटापासून दुसऱ्यापर्यंत नेली गेली. बूट बदलताना तिचे टोक क्लिपखाली चुकीचे दबले, की गाडी वळवल्यावर बूट फुग्यासारखा वर येतो. जाणता मेकॅनिक म्हणून क्लिप आवळण्याआधी चक्र दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघतो. दुसरीकडे अमेरिकेत अपघातात दुमडणारे स्टीअरिंग कॉलम १९६७ च्या गाड्यांपासून आले आणि १ जानेवारी १९६८ पासून त्याविषयीचे नियम लागू झाले. वरपासून खालपर्यंतचा एकसंध दांडा मागे पडत चालला आणि मघाचे धुरांडे पेटीपासून सुटले. जिथे नळी जोडलेली होती, तिथे आता पेटीला स्वतःचे सील लागू लागले.

यानंतरचा बदल विजेचा. १९८८ च्या सुझुकी सर्वोत विजेच्या मोटरने मदत करणारे स्टीअरिंग आले, १९९० च्या होंडा एनएसएक्समध्ये ती मदत थेट रॅकला मिळाली. तेलाचा दाब गेला, पण पेटीशी आता मोटर आणि इलेक्ट्रॉनिक पाटी बांधली गेली. तेलाच्या पेटीत चमचाभर पाणी शिरले तर तिची झीज काही महिन्यांनी दिसे. इथे तेच पाणी रॅक सरकवणाऱ्या बॉल-स्क्रूला गंजवते किंवा पाटी मारते. मघाच्या डब्याचा हिशेब आता अभियंत्यांच्या चाचणीत आला: तापवलेल्या भागावर ० ते ४ अंशांचे पाणी मारायचे किंवा तो त्यात बुडवायचा, आणि आत ओल आली का ते पाहायचे. आयएसओ १६७५० मालिकेतली बर्फगार पाण्याची चाचणी नेमकी हीच. तिच्यातून तरून जायचे, तर पोकळी होताच हवा आत यायला हवी आणि पाणी मात्र नको. हे साधणारी वस्तू अगदी वेगळ्या वाटेने आली होती. १९३८ मध्ये ड्युपाँटच्या रॉय प्लंकेटला अपघाताने टेफ्लॉन सापडले. १९६९ मध्ये बॉब गोरने त्याचा तापवलेला दांडा एका झटक्यात ओढला आणि तो तुटण्याऐवजी लांबला. त्या ताणात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार झाली, हवेचे रेणू जाऊ देणारी आणि पाण्याचा थेंब अडवणारी. पावसाळी कोटांसाठी प्रसिद्ध झालेला हाच पडदा पुढे मोटारीच्या दिव्यांत आणि बंद पेट्यांत नाण्याहून लहान टोपीखाली बसला.

आपल्याकडे हे सारे टप्पे एकाच वेळी रस्त्यावर आहेत. पुण्याजवळच्या शिरूर तालुक्यात, संभाजी महाराजांच्या समाधीच्या वढू बुद्रुकमध्ये, १९८० च्या दशकापासून ट्रक-बससाठी तेलाच्या दाबाच्या पेट्या बनत आल्या आहेत. त्यांच्या टाक्या झाकणातूनच श्वास घेतात. लहान गाड्यांचे विजेवरचे रॅक कोकणातल्या पावसातून जातात, आणि त्यांचे आयुष्य बऱ्याच अंशी त्या दोन रबरी बुटांवर अवलंबून असते. बुटाला चीर पडली, तर पडदा कितीही उत्तम असो, त्याचा उपयोग संपतो. म्हणून पावसाळ्याआधी गाडी रॅम्पवर घेतली, की मेकॅनिकला बूट बोटाने उलगडून चुण्यांच्या तळाशी पाहायला सांगावे. चीर वरवर दिसत नाही, ती तिथेच दडते.

आता तर दांडाच नाहीसा होऊ लागला आहे. २०१३ च्या इन्फिनिटी क्यू-५० मध्ये चक्र आणि चाके तारेने जोडली गेली, तरी अडचणीला दांडा राखीव होता; २०२३ च्या टेस्ला सायबरट्रकमध्ये तोही काढला गेला. पेटीचे एक तोंड, ज्याला आधी नमदा, मग चामडे आणि मग रबर लागले, ते अशा गाड्यांत लागेनासे झाले आहे. रॅक मात्र अजून दोन्ही टोकांनी बाहेर येतो आणि परत आत जातो, त्यामुळे दोन बूट, त्यांच्यामधली हवेची वाट आणि तो इवलासा पडदा यांची कामे तशीच चालू आहेत.