हत्तींचा मेळा

स्टुटगार्ट आणि आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना सॉलिट्यूड राजवाडा काही नवा नाही. भारतातून आई-बाबा आले, की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रविवारी त्यांना तिथे नेणं हे ठरलेलंच असतं. अठराव्या शतकात व्युर्टेम्बर्गच्या ड्यूक कार्ल ऑयगेनने बांधलेला तो देखणा महाल दाखवायचा, तिथून थेट लुडविग्सबुर्गकडे जाणारा सरळसोट रस्ता दाखवायचा, चार फोटो काढायचे, थर्मासमधला चहा प्यायचा आणि घरी परत. पण याच राजवाड्याच्या खालच्या अंगाला, ग्लेम्सएक नावाच्या ठिकाणी, १९५६ सालच्या ऐन हिवाळ्यात एक गंमतशीर मेळा भरला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आज जगभरातले मोटरसायकलवाले ज्याचं नाव आदराने घेतात, त्या ‘एलेफान्टेनट्रेफेन’चा, म्हणजे हत्तींच्या मेळ्याचा, जन्म इथला. आपल्या घरापासून बसच्या अंतरावरचा!

आता मोटरसायकलींच्या मेळ्यात हत्ती कुठून आले? त्या काळी न्युरेंबर्गची त्स्युंडाप कंपनी के.एस. ६०१ नावाची दणकट मोटरसायकल बनवत असे. जवळजवळ सहाशे सीसीचं इंजिन, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले दोन सिलिंडर, भारदस्त अंगकाठी आणि हिरवा रंग. लोकांनी तिचं नावच ‘हिरवा हत्ती’ ठेवलं. ही गाडी एकटी क्वचितच दिसे. तिच्या उजव्या अंगाला बहुधा साइडकार जोडलेली असे. ‘दास मोटोरराड’ या मासिकात गाड्यांच्या चाचण्या लिहिणारे पत्रकार एर्न्स्ट लेफरकूस, ज्यांना वाचक ‘क्लाक्स’ या टोपणनावाने ओळखत, त्यांनी या हत्तीवाल्यांना भर थंडीत एकत्र यायचं आवतण दिलं. आले किती? मूठभर. पण आले, आणि तेही बर्फातून, साइडकारमध्ये सामान कोंबून!

जर्मन भाषेत मोटरसायकल आणि साइडकार या जोडीला ‘गेश्पान’ म्हणतात. हा शब्द मूळचा शेतातला आहे. गेश्पान म्हणजे गाडीला किंवा नांगराला जुंपलेली जनावरांची जोडी. आपल्याकडच्या बैलजोडीची आठवण करून देणारा हा शब्द मला फार आवडतो, कारण तो अगदी अचूक आहे. साइडकार जोडली की मोटरसायकल मोटरसायकल राहत नाही. ती वळणावर झुकत नाही, हँडल फिरवून तिला वळवावं लागतं. उजवीकडे साइडकार असेल, तर वेग वाढवताना गाडी उजवीकडे ओढते आणि ब्रेक लावला की डावीकडे जाऊ पाहते. उजव्या वळणावर वेग जरा जास्त झाला, की साइडकारचं चाक चक्क हवेत उचललं जातं. म्हणून आतला माणूस नसेल, तर जाणकार मंडळी तिच्यात वाळूचं पोतं ठेवतात. शर्यतींमध्ये तर साइडकारमधला गडी प्रत्येक वळणावर आपलं अंग बाहेर झोकून देत गाडीचा तोल राखतो. जर्मन लोक त्याला प्रेमाने ‘श्मियरमाक्से’ म्हणतात. साइडकारच्या जागतिक स्पर्धा १९४९ साली सुरू झाल्या आणि १९५४ ते १९७४ या काळात बहुतेक वर्षी बीएमडब्ल्यूचं इंजिन असलेली जोडीच जिंकली. दोघांचं नीट जमलं तरच गाडी सरळ चालते. संसाराला दिलेली दोन चाकांची उपमा आपण लग्नात ऐकतोच, पण तीन चाकांची उपमा कदाचित जास्त खरी असेल!

साइडकारचा जन्म मात्र जर्मनीतला नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इंग्लंडमध्ये मोटरसायकली धावू लागल्या, तेव्हा सोबतच्या माणसाला बसवायचं कुठे, हा मोठाच प्रश्न होता. कोणी मागे छोटी गाडी ओढत, तर कोणी पुढे खुर्ची लावत. मागे बसलेल्याला धूळ खावी लागे आणि पुढे बसलेला टक्कर झाली तर सगळ्यात आधी सापडे. शेजारी एक चाक आणि एक आसन जोडायचं, ही कल्पना १९०३ च्या सुमारास तिथे रुजली आणि दहा वर्षांत घरोघर पोचली. बर्मिंगहॅमच्या वॉटसन यांनी १९१२ साली साइडकारची कंपनी काढली. त्यांची पहिली साइडकार घडी घालता येणारी होती, कारण अरुंद वाटेमुळे ती घराच्या आवारात नेता येत नसे, अशी हकिगत सांगतात. पुण्यातल्या वाड्यात राहिलेल्या कोणालाही ही अडचण समजावून सांगायला नको! पुढे १९२२ मध्ये ब्लॅकपूल गावात विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली या दोन तरुणांनी ‘स्वॉलो’ नावाच्या देखण्या साइडकार बनवायला सुरुवात केली. हीच कंपनी पुढे मोटारी बनवू लागली आणि १९४५ मध्ये तिने नाव घेतलं ‘जॅग्वार’. म्हणजे जगातल्या एका महागड्या मोटारीची आजी साइडकार आहे.

युद्धांनी या वाहनाला वेगळंच काम दिलं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी साइडकारवर मशीनगन बसवल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या बीएमडब्ल्यू आर ७५ आणि त्स्युंडाप के.एस. ७५० या गाड्यांमध्ये साइडकारच्या चाकालाही इंजिनाची ताकद पोचवलेली होती, म्हणजे चिखलात आणि वाळूत ती अडू नयेत. जुन्या युद्धपटांमध्ये आपण पाहतो त्या याच. हे वाहन किती जणांच्या आठवणीत भीतीशी जोडलेलं असेल, हे विसरून चालणार नाही. आणि म्हणूनच युद्धानंतर त्याचं जे झालं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

युद्ध संपलं तेव्हा जर्मनीतली शहरं उद्ध्वस्त झाली होती. मोटार घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं होतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीत मोटारींपेक्षा मोटरसायकली जास्त होत्या. नवरा पुढे, बायको मागे, मुलं साइडकारमध्ये आणि तिच्या पाठीवर तंबू, स्टोव्ह, भांडी, असा सगळा संसार घेऊन कुटुंबं शनिवार-रविवारी बाहेर पडत. हॉटेल परवडत नसे, पण तंबू परवडत असे. न्युरेंबर्गच्या श्टाइब कंपनीच्या गोलसर, विमानाच्या नाकासारख्या साइडकार आणि रोझेनहाइमच्या क्लेपर कंपनीचे तंबू हे त्या काळाचं जणू चित्रच होतं. जरा धीट मंडळी ब्रेनरची खिंड ओलांडून इटलीत गार्डा सरोवरापर्यंत जात. आमच्या शेजारचे आजोबा अजूनही सांगतात, की लहानपणी साइडकारमध्ये भावाबरोबर दाटीवाटीने बसून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आल्प्स पाहिले. “त्यानंतर अनेकदा मोटारीने गेलो,” ते म्हणतात, “पण मोटारीतून डोंगर दिसतो आणि साइडकारमधून त्याचा वास येतो.”

आपल्या लक्षात आलंच असेल, की हे चित्र आपल्यालाही अनोळखी नाही. आपल्यापैकी कित्येकांचं बालपण बजाजच्या स्कूटरवर गेलं. पुढे उभा धाकटा, मागे आईच्या मांडीवर सर्वांत धाकटी, आणि ज्यांच्या घरी माणसं जास्त त्यांच्या स्कूटरला साइडकार. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेले वडीलही आपल्याला आठवतात. १९७५ च्या ‘शोले’मधली जय आणि वीरूची साइडकार तर अख्ख्या देशाला पाठ आहे. मग १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली, आणि पाच माणसांच्या कुटुंबाला छप्पर मिळालं. साइडकार हळूहळू रस्त्यावरून दिसेनाशी झाली.

जर्मनीत हेच तीस वर्षं आधी घडलं. ऑगस्ट १९५५ मध्ये फोक्सवागेनची दहा लाखावी बीटल कारखान्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने इझेटा ही अंड्यासारखी चिमुकली मोटार बाजारात आणली. तिचं इंजिन मोटरसायकलचंच होतं! पाऊस लागत नाही, मुलं गारठत नाहीत, मग मोटरसायकल हवी कशाला? बघता बघता जर्मन मोटरसायकलींचे मोठमोठे कारखाने बंद पडले किंवा दुसऱ्या धंद्याकडे वळले. त्स्युंडापने न्युरेंबर्गचा कारखाना सोडला आणि हिरवा हत्ती बनणं थांबलं. श्टाइबच्या साइडकार बंद झाल्या. १९६९ मध्ये बीएमडब्ल्यूने मोटरसायकलींची नवी मालिका आणली, ती साइडकार जोडण्यासाठी बनवलेलीच नव्हती. गरिबाची मोटार म्हणून मिरवलेलं वाहन आता गरिबालाही नको होतं.

आता १९५६ चा तो हिवाळा पुन्हा डोळ्यांसमोर आणा. क्लाक्स यांनी हत्तीवाल्यांना बोलावलं, ते नेमकं या पडझडीच्या काळात. हिवाळ्यात मोटरसायकल चालवणं ही आतापर्यंत नाइलाजाची गोष्ट होती. ज्याच्याकडे मोटार नव्हती, तो बर्फातूनही मोटरसायकलनेच कामावर जात असे. आता तो नाइलाज संपत चालला होता. जे जमले ते हौसेने जमले, आणि साइडकारवाले तर खास, कारण बर्फावर तीन चाकं दोनपेक्षा नक्कीच भरवशाची. एका वाहनाची गरज संपत असताना त्याची परंपरा सुरू झाली, ती अशी.

पुढचा इतिहास मोठा आहे. १९६१ पासून मेळा आयफेलच्या डोंगरातल्या न्यूर्बुर्गरिंग या प्रसिद्ध शर्यतीच्या ट्रॅकवर भरू लागला. मूठभरांचे हजारो झाले. हत्ती मागे पडले आणि सगळ्या प्रकारच्या गाड्या येऊ लागल्या. गर्दीबरोबर गोंधळही वाढला आणि १९७७ नंतर तिथलं पर्व संपलं. मग काही वर्षं ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गरिंगवर मेळा भरला. पुढे न्यूर्बुर्गरिंगवर ‘जुना हत्तीमेळा’ या नावाने वेगळा मेळाही भरवला गेला. एका मंडळाची दोन मंडळं होणं ही फक्त आपलीच खासियत नाही, हे वाचून जिवाला बरं वाटतं! अखेर १९८९ पासून जर्मन मोटरसायकलस्वारांच्या महासंघाचा मेळा बव्हेरियन जंगलातल्या थुर्मान्सबांग-सोला इथे स्थिरावला.

तिथे जमिनीला एक मोठा खोलगट उतार आहे, त्याला लोक ‘हेक्सेनकेसल’, म्हणजे चेटकिणीची कढई म्हणतात. जानेवारीच्या अखेरीस नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला, शुक्रवार ते रविवार, त्या कढईत तंबूंचं गाव वसतं. पारा शून्याच्या बराच खाली जातो. तंबूखाली गवताचा पेंढा पसरायचा, त्यावर चटई, त्यावर झोपण्याची जाड पिशवी. शेकोट्या पेटतात, पातेल्यात सूप उकळतं, आणि कालपर्यंत अनोळखी असलेला इटालियन किंवा पोलिश माणूस आपली वाटी पुढे करतो. ना मोठा रंगमंच, ना नामवंत गायक. लांबून येणं आणि दोन रात्री एकमेकांच्या शेकोटीला बसणं हाच कार्यक्रम. शनिवारी संध्याकाळी मात्र सगळा गलका थांबतो. मशाली घेऊन मिरवणूक निघते आणि रस्त्यावरच्या अपघातांत गेलेल्या सोबत्यांची आठवण काढली जाते. हौसेची किंमत काय असू शकते, हे तिथे जमलेला प्रत्येक जण जाणून असतो.

या गोष्टीला आपल्याकडचाही एक छोटासा धागा आहे. इंग्लंडची रॉयल एन्फिल्ड बुलेट १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागली. पुढे इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली आणि उलट्या वाटेने युरोपात विकायला आली. १९९९ पासून काही वर्षं ती ब्रिटनमध्ये आणून विकत होती, ती वॉटसन यांच्याच साइडकार कंपनीची वारसदार कंपनी. म्हणजे अरुंद वाटेतून घडी करून आत जाणारी साइडकार आणि आपल्या गावच्या धडधड बुलेटची जोडी शेवटी जमलीच!

आपल्या स्मरणिकेत हा इतिहास सांगावासा वाटला, त्याला एक कारण आहे. आपल्या आजी-आजोबांना मराठी ‘टिकवावी’ लागली नाही. ती त्यांची रोजची गरज होती, दूधवाल्याशी बोलायची आणि देवाशीही बोलायची भाषा होती. आपल्या मुलांचं मात्र इथे मराठीवाचून काही अडत नाही. शाळा जर्मनमध्ये, मित्र जर्मनमध्ये, आणि भावंडांची भांडणंसुद्धा जर्मनमध्ये. गरज संपली की वस्तू एक तर संग्रहालयात जाते, नाहीतर कोणीतरी तारीख ठरवतं, पत्र धाडतं आणि थंडीत घराबाहेर पडतं. हत्तीवाल्यांनी दुसरा मार्ग धरला. हिरव्या हत्तीचे सुटे भाग कारखान्यातून येणं थांबलं, तेव्हा त्यांनी ते एकमेकांना दिले. ज्याला साइडकार चालवता येत नव्हती, त्याला शेजारी बसवून शिकवलं. मेळा फुटला तेव्हा भांडले असतील, पण येणं थांबवलं नाही.

गणपतीच्या तालमीला शनिवारी दुपारी हॉल मिळत नाही, पार्किंग नसतं, पाऊस असतो आणि मुलांना यायचं नसतं, हे सगळं खरंच आहे. तरीही आपण निघतो. पुढच्या शनिवारी मागच्या सीटवरून ‘कशाला जायचं?’ असा प्रश्न आला, तर मुलांना ग्लेम्सएकला बर्फात जमलेल्या त्या मूठभर हत्तीवाल्यांची गोष्ट सांगा. आणि हो, ती मराठीतूनच सांगा!