सही कुणाची?

गेल्या वर्षी एका मैत्रिणीसोबत दवाखान्यात गेलो होतो. सातवा आठवडा, लग्न झालेलं नाही. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे मिस्टर का?" नाही म्हटल्यावर फॉर्म मागे घेतला. "मग आईवडिलांची सही आणा."

आम्ही दोघंही इंजिनिअर, पण कायदा काय म्हणतो ते दोघांनाही माहीत नव्हतं. परत आलो. त्या रात्री मी मोबाइलवर निकालपत्रं वाचत बसलो. (हे तिला विचारूनच लिहितोय.)

१८६० च्या दंड संहितेत बाईचा जीव वाचवायचा नसेल तर गर्भपात हा गुन्हाच होता. १९६४ मध्ये शांतिलाल शहा समिती नेमली गेली आणि १९७१ मध्ये कायदा आला. त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी होती. म्हणजे ती दुसरी सही कधी लागतच नव्हती! पण गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहितेला देता येई. ती अट २०२१ च्या दुरुस्तीत गेली.

मधली वाट न्यायालयांनी बांधली, आणि तिची सुरुवात गमतीशीर आहे. २००९ चा चंडीगढचा खटला गर्भपात *नको* म्हणणाऱ्या मुलीचा होता. प्रशासनाला तो करायचा होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मूल हवं की नको हे ठरवणं कलम २१ मधलं स्वातंत्र्य आहे. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्याचा आधार घेतला. २९ सप्टेंबर २०२२ ला न्या. चंद्रचूड यांच्या पीठाने त्याच धाग्यावरून २० ते २४ आठवड्यांची सवलत अविवाहितांनाही दिली. डॉक्टरांनी कुटुंबाच्या संमतीसारख्या कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत, हेही बजावलं.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत १९७३ चा 'रो' निकाल ४९ वर्षांनी रद्द झाला होता. जुना निकाल म्हणजे कायमची हमी नव्हे. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवडे उलटलेल्या एका विवाहितेला न्यायालयाने नकार दिला. आपला कायदा आजही आधी डॉक्टरांचं मत विचारतो.

दोन दिवसांनी दुसऱ्या दवाखान्यात गेलो, निकालातला तो परिच्छेद मोबाइलवर उघडून. दाखवायची वेळ आली नाही. डॉक्टर बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि पेन तिच्या हातात दिलं.