छत्रीचं तोंड दक्षिणेला का?

लोकलने ठाण्याहून कल्याणकडे जाताना एकदा फोनवरून नजर काढून इमारतींच्या गच्च्यांकडे पाहा. गंजलेल्या छत्र्या दिसतील. बहुतेक सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून, थोड्या पूर्वेला वळलेल्या. त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत. ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून एका जागी थांबल्यासारखे वाटतात.

चित्र स्वच्छ दिसतं म्हणून लोकांनी छत्री घेतली, असं जाहिराती सांगायच्या. मला मात्र तिच्यामागे वायरची गोष्ट दिसते.

२ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. ते सिग्नल पकडायला भलीमोठी छत्री लागे. ती केबलवाला लावायचा आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर ओढायचा. १९९५ च्या कायद्याने त्याला पोस्टात नोंदणी करावी लागली, पण कोणते चॅनेल दाखवायचे हे तोच ठरवत राहिला. एका एरियात बहुधा एकच केबलवाला. पटत नसेल तर टीव्ही बंद ठेवा!

उपग्रहावरून थेट घरात प्रक्षेपण करायला सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली आणि २००० मध्ये परवानगी दिली. मग २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आणि ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय आलं. यांच्या कू-बँड लहरींना दोन फुटांची छत्री पुरायची. पावसाचे थेंब या लहरी शोषतात, म्हणून जुलैत ऐन मालिकेत पडदा काळा व्हायचा.

तरीही आम्ही डोंबिवलीकर छत्रीकडे वळलो, त्याला भारनियमनही कारण होतं. मुंबई त्यातून वाचली होती, आम्ही नाही. केबलच्या वाटेत सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर असतात आणि ते कुठल्यातरी दुसऱ्याच इमारतीच्या विजेवर चालायचे. तिकडची वीज गेली की आमच्या घरी दिवे सुरू, पंखा सुरू आणि टीव्हीवर मुंग्या. छत्रीला फक्त आपल्या घरातली वीज लागायची.

३१ मार्च २०१३ ही ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसह ३८ शहरांसाठी केबल डिजिटल करायची मुदत होती. केबललाही सेट-टॉप बॉक्स आला. ग्राहक नेमके किती, हे तोवर केबलवाल्यालाच ठाऊक असायचं. आता बॉक्स मोजता येऊ लागले. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नियमांनी हवे तेच चॅनेल निवडायचा हक्क दिला. पण तोवर स्वस्त डेटा हातात आला होता. २०२० मध्ये देशात डीटीएचचे ७ कोटींहून जास्त ग्राहक होते. आज ते ६ कोटींच्या खाली आहेत.

आता घरात फायबर येतं, आणि अनेक सोसायट्यांत ते जुन्या केबलवाल्याकडूनच, जुन्याच वाटेने येतं. काय पाहायचं हे तो ठरवत नाही, ते ॲप सुचवतं. पण वायर पुन्हा एकच झाली आहे. म्हणून बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कंपनीला वायर टाकू द्यायची का, हा विषय सोसायटीच्या मीटिंगला आला, तर त्या दिवशी जरूर हजर राहा.