थेंब कुठून पडतो?

जुन्या बुलेटबद्दल फौजेत एक विनोद कायम चालतो. गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर काळजी करू नका, डाग दिसला नाही तर काळजी करा, म्हणजे आतलं तेल संपलंय. इंग्रजांनी याच गाडीला 'रॉयल ऑइलफील्ड' असं नाव पाडलं होतं. मीही हा विनोद अनेकदा केला आहे. आज मात्र त्या डागाबद्दल थोडं गंभीरपणे लिहायचं आहे, कारण असाच एक डाग शोधताना मी माझ्या हाताखालच्या एका माणसावर अन्याय केला होता.

आधी गाडीचा इतिहास, कारण गळतीचं मूळ तिथेच आहे.

इंग्लंडमधलं रेडिच हे सुया बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या एका सुयांच्या कारखान्यातून पुढे सायकली निघू लागल्या. मग एनफील्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचं काम मिळालं. 'रॉयल एनफील्ड' हे नाव आणि 'बंदुकीसारखी बनवलेली' हे घोषवाक्य त्यातूनच आलं. १९०१ मध्ये पहिली मोटरसायकल निघाली आणि १९३२ मध्ये 'बुलेट' हे नाव प्रथम वापरलं गेलं. आपण ज्या बुलेटला ओळखतो, मागे स्प्रिंगचे शॉक अॅब्सॉर्बर असलेली, ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९४० च्या दशकाच्या अखेरची.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याला सीमेवरच्या कच्च्या रस्त्यांवर चालेल अशी मोटरसायकल हवी होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासच्या एका व्यापारी कंपनीमार्फत ३५० सीसीच्या शेकडो बुलेट मागवल्या गेल्या. गाडी टिकली, पसंत पडली. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. सुरुवातीला रेडिचहून आलेले भाग इथे जोडले जायचे. मग साचे आणि यंत्रंही आली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळी गाडी तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातच बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. १९७७ पासून तर मद्रासच्या बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागल्या. ज्यांनी गाडी दिली, त्यांनाच आपण ती परत विकली!

आम्हा सिग्नल्सवाल्यांचं या गाडीशी वेगळंच नातं आहे. आमची कोअर १९११ ची. वायरलेस आला, टेलिफोन आला, तरी कागदावरचा हुकूम हातोहात पोहोचवणारा डिस्पॅच रायडर कधी संपला नाही. जुन्या फोनेटिक वर्णमालेत 'डी'ला 'डॉन' म्हणत, म्हणून तो 'डॉन आर'. खांद्याला डाकेची थैली, अंगाखाली बुलेट, नंबर प्लेटवर वर तोंड केलेला बाण. निवृत्त मंडळींना हे चित्र सांगायला नको.

आता ही गाडी गळते का? जुन्या ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटचं इंजिन तुकड्या-तुकड्यांचं आहे. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा आणि मागून बोल्टने जोडलेला. क्लच आणि प्रायमरी चेनचं कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं, कडेने फक्त एक रबरी सील. हेडवर दोन रॉकर कव्हर. सिलिंडरच्या बुडाशी टॅपेटचं झाकण, तेही एका नटावर. रॉकरला तेल नेणाऱ्या नळ्या बाहेरून जातात आणि त्यांच्या प्रत्येक टोकाला वायसर. तेलाची टाकीसुद्धा क्रँककेसच्याच ओतकामात, मागच्या कप्प्यात. म्हणजे इंजिनाच्या चारी बाजूंनी सांधे, आणि जिथे सांधा तिथे गळतीला वाव.

पण हे सांधे म्हणजे निव्वळ खोट म्हणता येणार नाही. त्यांच्यामुळेच रस्त्याच्या कडेला बसून, चार पाने आणि एक पेचकस घेऊन, एक जवान टॅपेट लावू शकतो, क्लच खोलू शकतो. २००८-०९ च्या सुमारास इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेलं नवं इंजिन आलं. ते गळत नाही. पण ते डोंगरात बिघडलं तर जवान त्याच्याकडे नुसता पाहत बसतो. माझं तरी असं मत आहे, कुणाचं वेगळं असू शकेल.

आता ती गोष्ट. मी तेव्हा कॅप्टन होतो, पोस्टिंग जबलपूरला. रेजिमेंटचा मोटर ट्रान्सपोर्ट ऑफिसर, म्हणजे एमटीओ. जबलपूर हे फौजी गाड्यांचं माहेरच, शक्तिमान आणि जोंगा तिथेच बनल्या. जानेवारीच्या अखेरीला वार्षिक तांत्रिक तपासणी होती. डिसेंबरभर आम्ही गाड्या घासत होतो, रंगवत होतो. तपासणी अधिकारी पहिल्यांदा कुठे बघतो, तर गाडीखालच्या ड्रिप ट्रेमध्ये. आमच्या एका बुलेटच्या ट्रेमध्ये रोज सकाळी तेल दिसायला लागलं.

गाडीची जबाबदारी होती एलएडीच्या एका हवालदार मेकॅनिककडे. वेल्लोरकडचा, कमी बोलणारा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. त्याने टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. दोन दिवसांनी रॉकर कव्हरमधून तेल. तेही बदललं. मग क्लच कव्हरखाली थेंब. मी वैतागलो. पॅकिंग नीट कापत नाही, पृष्ठभाग साफ करत नाही, घाई करतो, असं सगळ्यांसमोर बोललो. त्याची पोंगलची सुट्टी मंजूर होती. घरी वर्षाची मुलगी, तिला त्याने एकदाच पाहिलं होतं. मी म्हणालो, "जब तक लीक बंद नहीं, तब तक छुट्टी नहीं." तो फक्त "ठीक है साहब" म्हणाला.

त्यानंतर त्याने जे केलं, ते मी त्या वेळी शेजारी उभं राहून पाहिलं आणि आजही तसंच करतो. पहिल्यांदा इंजिन घासलेटने धुतलं, ब्रशने फिन्सच्या मधला चिखल काढला, फडक्याने कोरडं केलं. मग सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. जवानाच्या लॉकरमधला साधा डबा. गाडी उभ्या-उभ्या दहा मिनिटं चालवली. पावडर कोरडीच. मग डॉन आरला भेडाघाटच्या रस्त्याला वीसेक किलोमीटर पाठवलं. परत आली तेव्हा पांढऱ्या पावडरवर तेलाच्या तीन रेघा होत्या, तीन वेगवेगळ्या जागांतून निघालेल्या.

उस्ताद म्हणाला, तेल वाऱ्याने मागे जातं आणि वजनाने खाली. म्हणून थेंब जिथे पडतो तिथे बघायचं नाही, रेघेवरून वर आणि पुढे जायचं, जिथून ती सुरू होते तिथे. इथपर्यंत मलाही माहीत होतं. पण तो उठला नाही. उकिडवा बसून त्या तीन रेघा बघत राहिला. मग त्याने दोन प्रश्न विचारले. तीन पॅकिंग एकाच पंधरवड्यात कशी जातील? आणि उभ्या गाडीत कोरडं, पळत्या गाडीत ओलं, हे का?

त्याने क्लच कव्हरचं तेल बाहेर काढून मापलं. मोजून ओतलं होतं, त्यापेक्षा जास्त निघालं! बाहेरून कोणी घातलं नव्हतं, म्हणजे ते इंजिनातून आलं होतं. क्रँकशाफ्टच्या सीलमधून दाबाने ढकललं जात होतं.

इथे थोडं समजावून सांगतो. बुलेटला एकच सिलिंडर, ३४६ सीसीचा. पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या क्रँककेसमधली हवा दाबली जाते. ती बाहेर पडायला एक श्वासनळी असते. तिच्या तोंडाशी रबराचा एकमार्गी व्हॉल्व्ह, बदकाच्या चोचीसारखा. हवा बाहेर जाते, परत आत येत नाही, त्यामुळे क्रँककेसमध्ये दाब साचत नाही. या हवेबरोबर थोडं तेलही येतंच. आमच्या गाडीत ते मागच्या चेनजवळ ठिबकायचं. ही नळी तुंबली तर दर फेऱ्याला तो दाब दुसरी वाट शोधतो. जो सांधा सगळ्यात कच्चा तिथून आधी, तो बंद केला की त्याच्या पुढचा. म्हणजे उस्ताद पॅकिंग जितकं चांगलं बसवत होता, तितकी गळती पुढच्या सांध्याकडे सरकत होती.

त्याने टूलबॉक्सच्या मागे हात घातला. नळी वर वळवून तारेने बांधलेली होती. घडीच्या जागी पूर्ण चेपलेली, वरून टेप, आणि टेपवर ऑलिव्ह ग्रीन रंग. बघून कळणारही नाही अशी.

"ये किसने बांधा?" त्याने डॉन आरला विचारलं.

पोरगा घुटमळला. माझ्याकडे बघून म्हणाला, "साहब का ऑर्डर था."

मला लगेच आठवलं. डिसेंबरमध्ये रंगकाम झाल्यावर मी फेरी मारत होतो. नव्या रंगाच्या मडगार्डवर तेलाचा शिंतोडा दिसला, वर लोंबणारी नळी दिसली. "हे काय लोंबतंय? वर करून बांधून टाका," एवढं बोलून मी पुढे गेलो होतो. सिग्नल्सचा अधिकारी, एमटीओ, आणि ती नळी कशासाठी आहे हे विचारलंही नव्हतं. घाण दिसली, ती झाकायला सांगितलं.

उस्तादने माझ्याकडे पाहिलंही नाही. तार कापली, नळी फेकून नवी घातली, चोचीचा रबर बदलला. किक मारून नळीच्या तोंडाशी बोट धरलं आणि मलाही धरायला लावलं. बोटावर फुंकर यावी तसा झोत लागत होता. मग पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर, पुन्हा भेडाघाट. गाडी परत आली तेव्हा टॅपेट आणि रॉकर कोरडे होते. क्लच कव्हरशी थोडा ओलावा राहिला होता. ते सील दाबाने खराब झालं होतं, दुसऱ्या दिवशी बदललं. नळीच्या टोकाशी एक थेंब लटकत होता. तो तसाच राहू दिला.

त्या दिवशी तारीख होती १४ जानेवारी. लाइनीत दक्षिणेकडच्या जवानांनी गोड पोंगल केला होता, उस्तादनेही तिथेच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमटी फॉलइनमध्ये मी सगळ्यांसमोर सांगितलं की लीक माझ्यामुळे होतं आणि मी उस्तादला चुकीचं बोललो. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. तो सावधान उभा होता, चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्याच संध्याकाळी त्याला सुट्टीवर पाठवलं. तपासणीपर्यंत थांबतो म्हणत होता, मी ऐकलं नाही. पण मुलीचा तो पोंगल मी काही परत देऊ शकलो नाही. तपासणीत गाडी पास झाली. तपासणी अधिकाऱ्याने नळीच्या टोकाचा थेंब पाहिला, बोट लावलं आणि काही न बोलता पुढे गेला. जाणकार होता.

खडकवासल्याला तीन वर्षं आम्ही सायकलवर पळालो. तिथे सायकलची चेन उतरली तर दोष दुसऱ्याला देता येत नसे, कारण शिक्षा आपल्यालाच होई. अधिकारी झाल्यावर ही सोय जाते. आपल्या हुकुमाची गळती दुसऱ्याच्या सांध्यातून दिसते आणि तोच बोलणी खातो. त्यानंतर कुठल्याही युनिटमध्ये एकाच वेळी तीन ठिकाणी कुरबुर ऐकू आली, की मी आधी माझे मागच्या महिन्याचे हुकूम काढून बघतो. दरवेळी दोष माझाच निघतो असं नाही. पण दोन-तीनदा निघाला आहे.

ज्यांच्याकडे अजून लोखंडी बोअरची बुलेट आहे, त्यांना एवढंच सांगणं: नवं पॅकिंग आणण्याआधी श्वासनळी बघा. चेपली आहे का, चिखलाने तुंबली आहे का, रबराची चोच कडक होऊन चिकटली आहे का. तेल प्रमाणापेक्षा जास्त तर भरलं नाही ना, तेही बघा. गाडी महिनाभर उभी असेल तर टाकीतलं तेल झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं आणि पहिल्या किकनंतर नळीतून भसकन बाहेर येतं. त्याला घाबरू नका. आणि नळीच्या टोकाशी एखादा थेंब दिसला तर तो पुसा, नळी बांधू नका.

उस्ताद सुभेदार होऊन निवृत्त झाला. मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे. दर पोंगलला मी फोन करतो. गाडीचा विषय तो काढत नाही, मीच काढतो.

जय हिंद.