सिंधूकांठच्या लेकी वऱ्हाडांत

वऱ्हाडच्या भूमीला बाहेरून येणारीं माणसें नवीं नाहींत. १८५३ मध्यें हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें येथील कापसाला अपूर्व भाव आला. आणि १८६७ मध्यें मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा मागें टाकून नागपुरास पोंचला. या मार्गानें मारवाडी, गुजराती व कच्छी व्यापारी आले आणि वऱ्हाडच्या पेठांत स्थिरावले. परंतु त्यांचें मूळ गांव मागें शाबूत होतें. लग्नकार्याला तेथें जातां येई, सून तेथून आणतां येई, बाळंतपणाला लेक तेथें पाठवितां येई. १९४७ नंतर सिंधमधून ज्या स्त्रिया येथें आल्या, त्यांचें माहेर आणि सासर दोन्ही एकाच वेळीं सीमेपलीकडे राहिलीं.

फाळणींत पंजाब आणि बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध मात्र सबंधच पाकिस्तानांत गेला. पंजाबी निर्वासितांना पूर्व पंजाब मिळाला, बंगाली निर्वासितांना पश्चिम बंगाल मिळाला. सिंधी भाषा जेथें घराबाहेरही ऐकूं येईल असा एकही प्रांत भारतांत उरला नाहीं. ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगल झाली आणि निर्वासितांचा लोंढा वाढला. कोणी बोटीनें मुंबईस उतरले, तर कोणी खोखरापारच्या वाटेनें आगगाडीनें मारवाडांत आले. सुमारें दहा ते बारा लाख हिंदूंनीं सिंध सोडला. कल्याणजवळच्या लष्करी बराकींतून उल्हासनगर उभें राहिलें. दुसरे कांहीं जथे मध्यप्रांत व वऱ्हाडांतील शहरांकडे वळले. अकोल्यांतील सिंधी कॅम्प आणि अमरावतींतील रामपुरी कॅम्प या वस्त्यांच्या नांवांत ती हकीकत अजून टिकून आहे. अमरावतींतील कंवरनगर हें नांव संत कंवरराम यांचें स्मरण देतें. या भगत गायकाचा खून १ नोव्हेंबर १९३९ रोजीं सिंधमधील रुक स्थानकांत झाला.

या स्त्रियांचें पूर्वीचें जीवन कसें होतें? हैदराबाद सिंध येथील भाईबंद घराण्यांतील पुरुष ‘सिंधवर्की’ व्यापारी म्हणून जपानपासून पनामापर्यंत जात आणि दोन-तीन वर्षें घरीं येत नसत. सरकारी नोकरींतील आमिल घराण्यांनीं मुलींना शिक्षण देण्यास सुरुवात केली होती. पुरुषाच्या गैरहजेरींत घर चालविणें हें भाईबंद स्त्रीला नवीन नव्हतें. नवीन होतें तें उंबरठ्याबाहेर पडून मिळवणें. कॅम्पांत आल्यावर पुरुष खांद्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन दारोदार फिरूं लागले आणि स्त्रियांनीं शिवणकाम, लोणचीं व पापड यांवर संसाराला हातभार लावला. चैत्र-वैशाखांत वऱ्हाडचें ऊन असह्य होतें. अकोल्यांत उष्णमान कधीं ४५ अंशांच्याही वर जातें. त्याच उन्हांत वऱ्हाडी गृहिणी वर्षाच्या कुरडया, शेवया व सांडगे घालते. सिंधी स्त्रीनें त्याच उन्हांत उडदाचे मिरपूड घातलेले पापड वाळविले. शेजारणीची भाषा समजण्याआधीं तिचें वाळवण समजलें.

नव्या आणि जुन्या चालीरीतींचा मेळ घालतांना या स्त्रियांनीं काय सोडलें आणि काय राखलें, हें पाहण्यासारखें आहे. सर्वांत आधीं पोषाख गेला. पायघोळ सुथण, चोळो आणि अंगभर ओढणी हा जुना वेष म्हाताऱ्या बायकांपुरता राहिला. शिकलेल्या आमिल घरांत साडी फाळणीपूर्वींच आली होती. आतां ती सर्वत्र आली, आणि पुढें पंजाबी पद्धतीचा सलवार-कमीजही रूढ झाला. यांत फारसें दुःख झालें असें दिसत नाहीं. वेष हा रस्त्यावर दिसणारा, आणि रस्ता परक्याचा. तेथें वेगळें न दिसण्यांतच सोय होती.

स्वयंपाकघरांत मात्र परक्याचें कांहीं चाललें नाहीं. पालक, चुका व हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून केलेली साईं भाजी, जाड खरपूस कोकी, सकाळचें दालपकवान हे पदार्थ टिकले. सिंधू नदींतील पल्लो मासा वऱ्हाडांत दुर्मिळ झाला. पण त्याच माशावर आरूढ झालेल्या झुलेलालाची मूर्ति देव्हाऱ्यांत राहिली. चैत्रांतील चेटीचंड हा सण गुढीपाडव्याला लागूनच येतो. त्या दिवशींचा बहराणो, म्हणजे दिवा व नैवेद्य मांडलेलें तबक, पूर्वीं सिंधूच्या पाण्याकडे नेत. आतां गांवची नदी किंवा तळें सिंधूच्या जागीं आलें. श्रावण वद्य तृतीयेस सिंधी सुवासिनी टीजडीचा उपास करतात आणि चंद्रदर्शनानंतर तो सोडतात. भाद्रपदांत हरतालिका करणाऱ्या मराठी शेजारणीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं. थदडीला चूल पेटवायची नाहीं, आदल्या दिवशींचें थंड अन्न खावयाचें, हा नियमही शिळासप्तमी पाळणाऱ्या प्रदेशांत विचित्र वाटला नाहीं. लग्नांत नवऱ्या मुलीचें नांव बदलण्याची चाल तर दोन्ही समाजांत होती. जेथें साम्य सांपडलें तेथें तडजोड करावी लागली नाहीं; आणि हें साम्य शोधून काढण्याचें काम बहुतेक ठिकाणीं स्त्रियांनींच केलें.

खरी कसोटी भाषेची होती. सिंधी लिहिण्याची बावन अक्षरांची अरबी धाटणीची लिपि इंग्रज सरकारनें १८५३ मध्यें ठरविली. व्यापारी आपल्या वह्या निराळ्या लिपींत लिहीत. शिक्षणखात्यांतील अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांनीं तिला व्यवस्थित रूप देण्याचें काम केलें, आणि कराचींतील एक जुनी शाळा त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. स्त्रियांची वाट तिसरीच होती. नानकपंथी घरांतील पुष्कळ स्त्रिया गुरुमुखी शिकत, ती सुखमनीचा पाठ करण्यासाठीं. भारतांत आल्यावर सिंधीसाठीं कोणती लिपि घ्यावी यावर मोठा वाद झाला; १९५० मध्यें सरकारनें देवनागरी मान्य केली आणि १९५१ मध्यें अरबी लिपीलाही मुभा दिली. अशा रीतीनें एकाच घरांत आजी गुरुमुखी वाचणारी, बाप अरबी लिपींत पत्र लिहिणारा आणि नात शाळेंत देवनागरी गिरविणारी, असा प्रकार झाला. वाद विद्वानांचा होता. पण एकमेकांचें अक्षर न वाचतां येण्याचें दुःख घरचें होतें.

भाषा राखण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. सुंदरी उत्तमचंदाणी व पोपटी हिरानंदाणी या दोघी १९२४ मध्यें जन्मलेल्या लेखिका मुंबईस आल्या आणि त्यांनीं सिंधी स्त्रीच्या नव्या जीवनावर आयुष्यभर लिहिलें. पोपटीबाईंना १९८२ मध्यें व सुंदरीबाईंना १९८६ मध्यें साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १० एप्रिल १९६७ रोजीं सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें. परंतु परिशिष्टांतील स्थान म्हणजे बाजारांतील, कचेरींतील आणि खेळाच्या मैदानावरील स्थान नव्हे. मुलें मराठी, हिंदी व पुढें इंग्रजी शाळांत गेलीं. आई सिंधींत हाक मारते आणि मूल हिंदींत ओ देतें, हें चित्र घरोघर दिसूं लागलें.

जगांत इतरत्रही असेंच घडलेलें आहे. ३० एप्रिल १९७५ रोजीं सायगांव पडल्यावर अमेरिकेस गेलेल्या व्हिएतनामी स्त्रियांनीं तेत हा नववर्षाचा सण आणि आपलें स्वयंपाकघर राखलें. त्यांच्या नातवंडांच्या तोंडून मात्र भाषा निसटूं लागली. अन्न आणि व्रत एका स्त्रीच्या निश्चयावर टिकूं शकतें. भाषेला ऐकणारे कान लागतात, आणि ते एकट्या आईला निर्माण करतां येत नाहींत. म्हणून सिंधी मातांनीं भाषा गमावली असा ठपका ठेवणें अन्यायाचें होईल. जें त्यांच्या हातीं होतें तें त्यांनीं राखलें. जें सुटलें तें राखण्यास सबंध गांवाची साथ लागली असती.

हा इतिहास मराठी घरांनाही कांहीं शिकवतो. वऱ्हाडी बोली बोलणाऱ्या कुटुंबानें कोणतीही सीमा ओलांडलेली नाहीं. त्याचें गांव, शेत व दैवत जागच्या जागीं आहे. तरी शहरांतील पुष्कळ घरांत आजीची वऱ्हाडी बोली नातवाला हंसण्याचा विषय वाटते. सिंधूकांठच्या लेकींना भाषेची किंमत घरदार सुटल्यावर कळली. ज्यांचें घरदार सुटलेलें नाहीं, त्यांना ती वेळेवर कळण्यास अजून अवकाश आहे.