प्रयोगकेंद्रे, विद्यापीठीय कृषी

प्रयोगकेंद्रे, विद्यापीठीय कृषी : विद्यापीठाशी किंवा कृषी महाविद्यालयाशी जोडलेली, सरकारी खजिन्यातून सालिना अनुदान मिळणारी आणि शेती, पशुपालन व त्यांना आधारभूत असलेली रसायन, जीव व मृदा ही शास्त्रे यांत संशोधन करणारी कायमस्वरूपी केंद्रे. या कल्पनेचा उगम युरोपातला. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे जॉन लॉज या जमीनदाराच्या पदरच्या खर्चाने १८४३ साली आणि जर्मनीत लाइप्सिकजवळ मोकर्न येथे सॅक्सनी सरकारच्या मदतीने १८५१ साली अशी केंद्रे निघाली. परंतु प्रयोगशाळा विद्यापीठाच्या अंगभूत करून तिला कायद्याने दरसालची नेमणूक बांधून देण्याचे काम देशव्यापी प्रमाणावर प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी केले.

अब्राहम लिंकन यांच्या स्वाक्षरीने १८६२ साली मंजूर झालेल्या मॉरिल कायद्यान्वये प्रत्येक राज्याला, काँग्रेसमधील त्याच्या दर सभासदामागे ३०,००० एकर या हिशेबाने सार्वजनिक जमीन मिळाली आणि तिच्या विक्रीतून कृषी व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली. ही जमीन मूळच्या आदिवासी जमातींकडून तहांनी, आणि पुष्कळदा बळाने, काढून घेतलेली होती, हे या इतिहासात नमूद केलेच पाहिजे. महाविद्यालये निघाली खरी, पण कोणत्या मातीला कोणते खत व किती, गुरांच्या रोगाचे मूळ चाऱ्यात की पाण्यात, या साध्या प्रश्नांनाही परीक्षित उत्तरे नसल्यामुळे शिकवावे काय, हीच अध्यापकांची विवंचना होऊन बसली. मिसूरीचे प्रतिनिधी विल्यम हॅच यांच्या नावाने ओळखला जाणारा २ मार्च १८८७ चा कायदा या अडचणीतून जन्मला. त्याने प्रत्येक राज्यातील प्रयोगकेंद्रास दरसाल १५,००० डॉलरची तरतूद केली आणि तिच्याबरोबर अशी अट घातली, की निदान दर तीन महिन्यांनी केंद्राने आपल्या कामाची पत्रिका छापावी, ती राज्यातील प्रत्येक वृत्तपत्रास आणि मागेल त्या शेतकऱ्यास पाठवावी, व तिला टपालहशील पडू नये. पुढे १९०६ च्या ॲडम्स कायद्याने केवळ मूलगामी संशोधनासाठी म्हणून निराळी रक्कम मंजूर केली. आणि दूरदृष्टीच्या बाबतीत प्रस्तुत लेखकास हा दुसरा कायदा पहिल्याहूनही थोर वाटतो, कारण उद्याच्या पिकाशी ज्याचा संबंध आज दाखविता येत नाही अशा जिज्ञासेलाही सरकारी जमाखर्चात हक्काचे खाते त्याने उघडून दिले.

या अनुदानाची फळे प्रथम दूधधंद्यात दिसली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या केंद्रातील स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली दुधातील स्निग्धांश मोजण्याची एक सोपी रीत सिद्ध केली : मानेवर अंशांच्या खुणा असलेल्या बाटलीत दूध घेऊन त्यात गंधकाम्ल मिसळावे, बाटली चक्रात गरगर फिरवावी, आणि मानेशी जमलेला चरबीचा थर वाचावा. तोवर दुधाचा भाव केवळ वजनावर ठरत असल्यामुळे पाणी घालणारा आणि सकस दूध आणणारा एकाच मापाने मोजला जाई. बॅबकॉक यांनी या रीतीचे पेटंट घेतले नाही. आपल्याकडील दूधसंकलन केंद्रांवर ‘फॅट’ पाहून भाव देण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्यातील गर्बर चाचणीही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

त्याच विद्यापीठात १९३३ च्या फेब्रुवारीत घडलेला एक प्रसंग या व्यवस्थेचे मर्म उघड करणारा आहे. हिमवादळात दोनशे मैलांच्या आसपासची मजल मारून एक शेतकरी मॅडिसन येथे आला. त्याने बरोबर एक मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची एक बरणी आणि गोड क्लोव्हर या वैरणीचा शंभरएक पौंड बुरसटलेला भारा आणला होता. त्याची गुरे अंतर्गत रक्तस्राव होऊन एकामागून एक दगावत होती, शनिवार असल्यामुळे सरकारी पशुवैद्यकाचे कार्यालय बंद होते, आणि उघडी सापडली ती कार्ल पॉल लिंक या जीवरसायनज्ञाची प्रयोगशाळा. ही वैरण थांबवावी व शक्य तर निरोगी रक्त द्यावे, याहून अधिक काही लिंक यांना त्या दिवशी सांगता आले नाही, आणि तो गृहस्थ बरणी तिथेच सोडून परत गेला. पण त्या रक्ताने लिंक व त्यांचे विद्यार्थी यांना सुमारे सहा वर्षे झपाटून टाकले, आणि १९३९ साली कुजलेल्या वैरणीतील तो रक्त गोठू न देणारा पदार्थ, डायक्युमेरॉल, स्फटिकरूपाने हाती आला. त्याच कुळातील वॉरफेरिन हे १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागले. हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पुढच्याच वर्षी ते देण्यात आले. शिरांत गुठळी होण्याचे भय असलेल्या आणि हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या असंख्य रोग्यांचे प्राण त्याने राखले आहेत. गुरांच्या चाऱ्यासाठी दिलेला पैसा हृदयरोग्यांच्या कामी येईल, असे कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिता आले नसते.

न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातील केंद्राची कथा याच जातीची आहे. मातीतील सूक्ष्मजीव हा सेल्मन वाक्समन यांचा आयुष्यभराचा विषय. व्यापाराला त्यात काही गम्य आहे असे पुष्कळ वर्षे कुणाला वाटले नाही. औषधकंपन्यांचे साहाय्य आले ते उशिरा. १९४३ मध्ये त्यांचा विद्यार्थी ॲल्बर्ट शाट्झ याने, खत घातलेल्या मातीतून व एका कोंबडीच्या घशातून मिळालेल्या जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले, आणि ज्या क्षयावर तोवर हवापालट, विश्रांती व सकस आहार यांपलीकडे वैद्यांपाशी फारसे काही नव्हते त्याच्यावर पहिले गुणकारी प्रतिजैविक उपलब्ध झाले. १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांना मिळाले. सहशोधक म्हणून मान्यता मिळविण्यासाठी शाट्झला न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पुढे हे औषध तयार होऊ लागले.

अशा कामाचे मोल पैशांत करण्याचा गाजलेला प्रयत्न शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५८ साली केला. संकरित मक्याच्या संशोधनावर खर्चिलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजास दरसाल निदान सात डॉलरचा लाभ झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्थात हा हिशेब यशस्वी ठरलेल्या एका शोधाचा आहे, आणि निष्फळ गेलेल्या प्रयोगांचा खर्च त्यात धरलेला नाही. तथापि, सुधारलेल्या बियाण्याचा किंवा मोजमापाच्या रीतीचा लाभ शेजारच्या शेतकऱ्यास व शहरातील ग्राहकासही होतो, शोध लावणाऱ्याच्या पदरात त्याचा अल्पांशच पडतो, आणि म्हणून असा खर्च करण्यास खाजगी भांडवल सहसा धजत नाही, हे अर्थशास्त्रीय कारण त्याने बाधित होत नाही.

व्यवस्थेत उणिवाही होत्या. दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या महाविद्यालयांना हॅच कायद्याच्या रकमेपासून दीर्घकाळ वंचित ठेवण्यात आले, आणि ज्यांची शेती सर्वांत हलाखीची होती त्यांच्याच दारी ही विद्या उशिरा पोहोचली.

भारतात राधाकृष्णन आयोगाच्या (१९४८–४९) ग्रामीण विद्यापीठांच्या शिफारशीनंतर, अमेरिकी नमुन्यावर १९६० साली पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (१९७२) अशी चार विद्यापीठे झाली. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात १९३६ साली चीमा या संशोधकांनी निवडलेला ‘गणेश’ डाळिंबाचा वाण आणि पुढे राहुरीने प्रसारित केलेला ‘भगवा’ यांनी सोलापूर, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कमी पावसाच्या, माळरानाच्या जमिनीस नगदी पीक दिले. या विद्यापीठांच्या अनुदानाचा मोठा भाग आज वेतन व आस्थापना यांतच खर्ची पडतो आणि प्रयोगासाठी शिल्लक राहते ती रक्कम तुटपुंजी असते, ही गोष्ट खेदाची आहे. कारण फळझाडाच्या संशोधनाचा काळ अंदाजपत्रकाच्या वर्षात मावत नाही. वेंगुर्ल्याच्या केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून सिद्ध झालेला ‘रत्ना’ आंबा १९८१ साली प्रसारित झाला, आणि त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून काढलेला, अत्यंत पातळ कोयीचा ‘सिंधू’ बागाईतदारांच्या हाती पडण्यास त्यानंतर आणखी सुमारे एक तप लागले.