दारूबंदीपासून व्यसनमुक्तीपर्यंत : महाराष्ट्रातील व्यसनोपचारांची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात दारूचा प्रश्न वारंवार येतो. परंतु तो बहुधा गुत्ता, मक्ता, अबकारी महसूल आणि दारूबंदीचा कायदा यांच्या अंगाने येतो. दारू सोडू इच्छिणारा माणूस त्या इतिहासात क्वचितच दिसतो. त्याने कोठे जावे, त्याच्यावर कोणी उपचार करावेत आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न राज्याच्या धोरणात फार उशिरा उपस्थित झाले. प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आजपर्यंतच्या या वाटचालीचा ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने आढावा घेतला आहे. राज्याने दीर्घकाळ बाटलीचा विचार केला, पिणाऱ्याचा केला नाही. उपचारांच्या आजच्या विषम उपलब्धतेचे मूळ या इतिहासात आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

गुत्ता आणि महसूल

इ.स. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे यांवर सरकारचे नियंत्रण पक्के झाले. दारू विकण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई आणि त्यातून सरकारी तिजोरीत मोठी भर पडे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांपासून घरोघरी दारू गाळण्याची प्रथा रोखण्यासाठी १८९२ मध्ये स्वतंत्र मोहा कायदा करण्यात आला. या कायद्यांचा हेतू लोकांनी पिणे सोडावे हा नसून सरकारी दारूखेरीज अन्य दारू पिऊ नये, हा होता.

या धोरणाला विरोधही झाला. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी १८८० मध्ये नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली होती. १९०८ मध्ये पुण्यात मद्यपाननिषेधाची चळवळ उभी राहिली. स्वयंसेवकांनी दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परतवण्याचा प्रयत्न केला व या चळवळीला लोकमान्य टिळकांचे पाठबळ लाभले. दोन्ही प्रसंगी रोख दुकानावर होता आणि तत्कालीन परिस्थितीत तो योग्यही होता. मात्र ज्याचे शरीर दारूवाचून चालेनासे झाले आहे, त्याच्यासाठी काय करावे याचे उत्तर समाजाकडे वेगळे होते. गळ्यात तुळशीची माळ घालणे, देवापुढे शपथ घेणे, कुलदैवताला नवस बोलणे हे मार्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. वारकरी परंपरेने अनेकांना या वाटेने सावरले, हे नाकारता येणार नाही. तथापि माळ तुटली की तो माणूस पापी ठरे. आजारी ठरत नसे.

दारूबंदीचा कायदा आणि आरोग्य परवाना

इ.स. १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने दारूबंदी हाती घेतली. आरोग्य व अबकारी खात्याचे मंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसवण्यात आला. डॉ. गिल्डर हे स्वतः नामवंत वैद्यकतज्ज्ञ असूनही या कार्यक्रमात वैद्यकीय उपचाराला मध्यवर्ती स्थान मिळाले नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ संमत झाला. या कायद्यातील एक तरतूद विशेष बोलकी आहे. कलम ८ नुसार वैद्यक मंडळे नेमण्याची सोय होती आणि कलम ४०-अ मध्ये आरोग्य परवान्याची तरतूद आली. प्रकृती टिकवण्यासाठी ज्याला दारूची गरज आहे, त्याला या परवान्यान्वये ती बाळगता व पिता येत असे. म्हणजेच कायद्याच्या चौकटीत पिणारा आणि डॉक्टर समोरासमोर येत, ते पिणे चालू ठेवण्याच्या परवानगीसाठी. पिणे सोडवण्यासाठी त्यांची गाठ घालून देणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. १९५१ च्या बलसारा खटल्यातही सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला वैद्यकीय मुद्दा मद्यार्कयुक्त औषधांच्या वापराचा होता.

१९६० च्या दशकात बंदी शिथिल होत गेली आणि १९७३ च्या महाराष्ट्र देशी दारू नियमांनी देशी दारूच्या परवानाधारक विक्रीची चौकट घालून दिली. महसुलाचा ओघ पुन्हा सुरू झाला. बंदी असताना पिणारा हा गुन्हेगार होता. बंदी सैल झाल्यावर तो ग्राहक झाला. रुग्ण मात्र तो दोन्ही काळांत झाला नाही. फारच बिघडला तर त्याला १९१२ च्या वेडेपणाविषयक कायद्याखाली चालणाऱ्या मनोरुग्णालयात नेत, आणि तेथे त्याच्यासाठी निराळा विचार क्वचितच होई.

स्वमदत गट आणि पहिली केंद्रे

इ.स. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९५० च्या दशकात भारतात पोहोचली. पिणे सोडलेल्यांनी पिणे सोडू पाहणाऱ्यांना आधार द्यावा, फी घेऊ नये आणि कोणाचे नाव उघड करू नये, ही तिची रीत. व्यसन हा आजार आहे, ही कल्पना महाराष्ट्रात रुजवण्यात या सभांचा वाटा मोठा आहे. मात्र या सभांमध्ये औषधोपचार नसतो.

१९८१ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशनची स्थापना केली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि अय्यंगार पद्धतीचा योग यांची सांगड हे या संस्थेचे वैशिष्ट्य ठरले. त्यापूर्वी १९८० मध्ये चेन्नईत शांती रंगनाथन यांनी टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाचे काम सुरू केले होते. देशात व्यसनोपचाराची पायाभरणी स्वयंसेवी संस्थांनी केली, हे यावरून दिसून येते.

गर्दचे संकट आणि मुक्तांगण

महाराष्ट्रात उपचाराच्या प्रश्नाला खरी निकड आली ती दारूमुळे नव्हे, तर गर्दमुळे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, मुंबई-पुण्यात पसरली. मध्यमवर्गीय घरांतील तरुण मुले तिच्या आहारी गेली आणि आजवर गुत्त्यापुरता वाटणारा प्रश्न सुशिक्षित घराच्या उंबऱ्यात आला. डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर केलेल्या लेखनाने समाज हादरला. त्यांचे ‘गर्द’ हे पुस्तक त्याच लेखनातून आकाराला आले. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे उपचार केंद्रासाठी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि १९९७ मध्ये निधन होईपर्यंत या केंद्राची घडण प्रामुख्याने त्यांनीच केली.

मनोरुग्णालयाच्या आवारात असूनही मुक्तांगणची रीत निराळी होती. पस्तीस दिवसांच्या निवासी उपचारात औषधांबरोबर समूहचर्चा, योग, श्रम, कला आणि दिनक्रमाची शिस्त यांना स्थान मिळाले. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच समुपदेशक म्हणून घडवण्यात आले. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला गेला, कारण व्यसन एकाला जडले तरी त्याची झळ साऱ्या घराला लागते. पुढे संस्थेची स्वतंत्र वास्तू झाली आणि स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा विभागही सुरू झाला. मराठी माणसाच्या बोलण्यात ‘व्यसनमुक्ती केंद्र’ हा शब्द रूढ होण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

निर्विषीकरण : उपचाराचा पहिला टप्पा

व्यसनोपचाराचे दोन टप्पे वेगळे ओळखणे आवश्यक आहे. शरीर मादक द्रव्यापासून सुरक्षितपणे मोकळे करणे हा पहिला टप्पा. त्याला निर्विषीकरण अथवा डिटॉक्स म्हणतात. मनाची व जगण्याची घडी पुन्हा बसवणे हा दुसरा. पहिला टप्पा बहुधा काही दिवसांत आटोपतो. दुसरा दीर्घकाळ चालतो.

रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर काही तासांतच हात थरथरणे, घाम येणे, झोप उडणे असा त्रास सुरू होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास होतात, भान हरपते आणि वेळीच उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधे क्रमाने कमी करत देणे आणि थायमिन हे जीवनसत्त्व पुरवणे, हा त्यावरील सर्वमान्य उपचार आहे. गर्द बंद केल्यावर होणाऱ्या यातनांना व्यसनी मंडळी ‘टर्की’ म्हणतात. ती अत्यंत वेदनादायक असली तरी सहसा प्राणघातक नसते. खरा धोका पुढे असतो. शरीराची सवय मोडल्यानंतर पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर ती जिवावर बेतू शकते.

हे तपशील इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहेत. ‘मनात आणले तर एका दिवसात सुटेल’ ही समजूत शपथेच्या परंपरेतून आली आणि बंदीच्या कायद्यानेही तिला धक्का लावला नाही. पिणाऱ्याच्या नकळत जेवणातून औषध देण्याच्या जाहिरातीही त्याच समजुतीवर पोसल्या गेल्या. डायसल्फिरामसारखे औषध रुग्णाला न सांगता दिले आणि त्यावर तो प्यायला, तर त्याच्या जिवाला धोका संभवतो. उपचाराची माहिती नसणे हे केवळ अज्ञान नसून त्याची किंमत प्रसंगी प्राणाने मोजावी लागते.

कायद्याची बदलती दृष्टी

गर्दच्या संकटाने केंद्र सरकारलाही हालचाल करणे भाग पडले. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थविरोधी कायदा अमलात आला. शिक्षा कठोर करणाऱ्या या कायद्यातच कलम ७१ अन्वये उपचार केंद्रे स्थापन करण्याचा अधिकार सरकारला देण्यात आला, तर पुढे समाविष्ट झालेल्या कलम ६४-अ ने काही अटींवर स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण दिले. याच सुमारास स्वयंसेवी केंद्रांना अनुदान देण्याची केंद्रीय योजना सुरू झाली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनी रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालयांची तरतूद केली. हा कायदा १९९३ मध्ये अमलात आला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मद्य व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आणि उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. केंद्रांची नोंदणी, रुग्णाची संमती आणि त्याची प्रतिष्ठा यांना या कायद्याने बंधनकारक स्वरूप दिले. कोंडून ठेवणे किंवा मारहाण करणे याला उपचार म्हणता येत नाही, हे त्यामुळे कायद्यानेच स्पष्ट झाले.

महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये राज्याचे व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले. तरीही हक्क आणि वास्तव यांतील अंतर मोठे आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८० मध्ये एक इतके अल्प होते.

गावाजवळचा उपचार : दोन उदाहरणे

ही दरी बुजवण्याचे दोन प्रयत्न उल्लेखनीय आहेत. गडचिरोलीत १९८८ पासून चाललेल्या लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा त्यात पुढाकार होता. परंतु केवळ बंदी पुरेशी नसल्याच्या जाणिवेतून २०१६ मध्ये शासन, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू झाला. गावसंघटन आणि बंदीची अंमलबजावणी यांच्या जोडीला त्यात उपचारही आहे. बाटली आणि पिणारा यांचा विचार येथे प्रथमच एकत्र झालेला दिसतो.

गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी मोजक्या भेटींत त्यांच्याशी संवाद साधला आणि त्याचा उपयोग झाला. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र अवलंबित्व असलेल्यांना अधिक वैद्यकीय मदत लागते. परंतु तेथवर पोहोचण्याआधीच पुष्कळांना थांबवता येते, हे या प्रयोगाने दाखवले.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रात व्यसनविरोधी चळवळीची परंपरा दीर्घ असली तरी व्यसनोपचाराची परंपरा अल्पवयीन आहे. जवळजवळ शतकभर धोरणाचा केंद्रबिंदू विक्री, बंदी व महसूल हाच राहिला.

२. उपचाराची व्यवस्था स्वयंसेवी संस्थांनी उभारली आणि ती प्रामुख्याने मुंबई-पुण्यात रुजली. त्यामुळे दूरच्या जिल्ह्यांतील गरीब कुटुंबाला आजही लांबचा प्रवास आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब आधी करावा लागतो.

३. निर्विषीकरण हा उपचाराचा सर्वांत अल्पकालीन, पण वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत नाजूक टप्पा आहे. त्याला लागणारी औषधे नवी किंवा दुर्मीळ नाहीत. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत हा टप्पा नियमितपणे उपलब्ध करून देणे शक्य आहे. दीर्घकालीन पुनर्वसनासाठी संस्था व स्वमदत गट यांची जोड देता येईल.

४. आज मदत शोधणाऱ्यासाठी जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभाग, नोंदणीकृत केंद्रे, १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली १४४१६ ही टेलिमानस सेवा हे मार्ग आहेत. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून केवळ व्यसनविरोधी घोषणा न देता ही माहिती गावोगाव पोहोचवावी.

दारूबंदीच्या कायद्याने पिणाऱ्याला डॉक्टरकडे धाडले ते परवान्यासाठी. उपचारासाठी डॉक्टरकडे जाण्याचा हक्क त्याला त्यानंतर सुमारे सात दशकांनी कायद्याने दिला. तो हक्क त्याच्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचवणे, हे या इतिहासाने वर्तमानावर सोपवलेले काम आहे.